तीनशे फूट बांध

समज, तू शेताच्या बांधावर उभी आहेस. पायाखाली भेगाळलेली काळी माती आहे. डाव्या हाताला बोंडांनी फुटलेली कपाशी, उजव्या हाताला डोक्याएवढी तूर. बांध ताणलेल्या दोरीसारखा सरळ आहे, एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला गाडरस्ता, आणि लांबी बरोबर तीनशे फूट. या बांधावर तुला कुंपण घालायचं आहे. पहिला खांब विहिरीकडच्या टोकाला, शेवटचा गाडरस्त्याच्या टोकाला आणि मधे दर दहा फुटांवर एकेक. किती खांब लागतील?

सांगू नकोस. उत्तर मनातच धर. घाई करू नकोस, इथं तुला कुणी मारणार नाही.

राजेश्रीला घाई करावी लागली होती.

राजेश्री पाचवीत होती. मानवतपासून थोडं आत त्यांचं गाव, आणि गावाबाहेर शेतातच घर. तिचा बाप वाल्मीक. कामाला वाघ, पण हाताला थांबणं माहीत नव्हतं. ती दुसरीत असताना तो तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचा, आणि मांडीवर ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा ठेवायचा. सात सक्कं म्हणताना ती थबकली की नळी वाजायची. नळी पोकळ असते, तिचा वळ दोन रेघांचा उठतो. आई, दैवशाला, चुलीपाशी बसून पीठ मळत राही. मधे पडली तर वळ तिच्या पाठीवर उठायचे.

मग गेल्या जूनमध्ये एक गोष्ट घडली. कपाशी लावायची होती. वाल्मीक दोरी घेऊन शेताच्या कडेला उभा होता. दोनशे फुटांची रुंदी, चार फुटांवर तास, म्हणजे कपाशीची एकेक ओळ. त्यानं सहज विचारलं, "राजे, किती तासं बसतील गं?"

"पन्नास," ती म्हणाली.

आणि पन्नासच बसली. एक कमी नाही, एक जास्त नाही. वाल्मीकनं त्या दिवशी मानवतच्या बाजारातून तिच्यासाठी भजी आणली आणि दिसेल त्याला सांगितलं, "आमच्या राजीचं डोस्कं म्हंजे मशीन हाय." नळीचा तुकडा छपराच्या वळचणीत गेला आणि बरेच महिने तिथंच राहिला. राजेश्रीला एक कळलं. विचारलं की लगेच सांगायचं, आणि भागून सांगायचं. लांबी भागिले अंतर.

आता दिवाळी सरली होती. रानडुकरांनी रात्रीतून वेचणीला आलेली अर्धी कपाशी जमिनीत लोळवली होती. वाल्मीकनं ठरवलं, बांधावर सिमेंटचे खांब रोवून तार ओढायची. बांधाच्या पलीकडं त्याच्या चुलतभावाचं, आश्रुबाचं, तुरीचं रान होतं. दोघांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. आश्रुबानं नांगरताना बांध कोरला असं वाल्मीक म्हणे, वाल्मीकनं कोरला असं आश्रुबा म्हणे. मागच्या उन्हाळ्यात त्यावरून आश्रुबाच्या बैलाच्या पायावर कुऱ्हाड पडली होती. बैल कसाबसा वाचला, पण अजून लंगडत होता.

"तीनशे फूट. दहा फुटाला एक खांब. बोल, किती?" वाल्मीक मोटारसायकलवर बसूनच म्हणाला. गाडी चालू होती.

"तीस!"

"शाब्बास." आणि तो खांब सांगायला परभणीला गेला.

तूही मनात तीस धरलं होतंस का? धरलं असशील तर लाजू नकोस. पुढं ऐक.

शनिवारी संध्याकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं खांब मोजून उतरवले, तीस. वाल्मीकनं पुन्हा मोजले, तीस. बांधावरचे खड्डे आधीच खणून झाले होते. दहा फुटांची दोरी लावत वाल्मीक पुढं जायचा आणि दैवशाला मागून पहारीनं खणत यायची. खड्डे मात्र कुणी मोजले नव्हते. खड्डे कोण मोजतं? रात्री खांब बांधावरच राहिले.

रविवारी उजाडताच वाल्मीक आणि दैवशालानं विहिरीकडून रोवायला सुरुवात केली. खांब उभा करायचा, कडेनं दगड आणि माती टाकायची, पायानं चोपायची, पुढं सरकायचं. राजेश्री पाणी पुरवत होती. दुपारच्या आधी दोघं गाडरस्त्याच्या टोकाला पोचली. समोर शेवटचा खड्डा होता. मागं वळून वाल्मीकनं खांबासाठी हात पुढं केला.

खांब नव्हता.

त्यानं कपाशीत बघितलं. तुरीत बघितलं. मग त्याची नजर तुरीच्या कडेनं पलीकडं गेली. आश्रुबाच्या गोठ्यापुढं नाली होती आणि तिच्यावर पाय ठेवायला सिमेंटचा एक खांब आडवा टाकलेला होता.

त्या खांबावर शेण वाळून पापुद्रे निघाले होते. तो किती जुना आहे हे कुणाच्याही ध्यानात आलं असतं. पण त्यासाठी आधी नीट बघावं लागतं.

"आश्र्या!" वाल्मीक बांधावरून ओरडला. "भाईर ये, चोरा!"

आश्रुबा गोठ्यातून आला. हातात तुराट्यांचा भारा होता. "कुणाला चोर म्हणायलास?"

"माझा खांब न्हेऊन नालीवर टाकलास, आन मलाच इचारतूस?"

"हा? हा माझ्या सासऱ्यानं दिल्याला हाय. तुजा बाप सुदिक याच्यावरून चालून गेलाय."

"बापाचं नाव घेऊ नको."

"मंग काय, तुजं घेऊ? बैलाला मारणाऱ्याचं?"

वाल्मीक नाली ओलांडून गेला तो थेट आश्रुबाच्या गळ्यावरच. दोघं गोठ्याच्या कुडावर आदळले. कूड आत कोसळला आणि म्हैस हंबरत दावं ताणू लागली. आश्रुबानं पडल्या पडल्या हाताला लागेल ती काठी उचलली आणि वाल्मीकच्या मनगटावर घातली. हाड वाजलेलं राजेश्रीला बांधावर ऐकू आलं. दैवशाला पळत जाऊन नवऱ्याच्या कमरेला बिलगली. त्यानं मागं न बघताच कोपर हाणलं, ते तिच्या तोंडावर बसलं. ती खाली बसली आणि तळहातात काहीतरी थुंकली. दात होता.

"सोडा रं त्याला! मरंल!" आश्रुबाची बायको सुलाबाई दारातून ओरडत होती.

वाल्मीकच्या डाव्या हाताला खोरं लागलं. त्यानं ते पात्याकडून धरलं आणि दांडा फिरवला. एकदाच. आश्रुबाचं डोकं कानाच्या वर फुटलं, रक्त आधी शर्टावर आणि मग शेणात पडलं. तो गुडघ्यावर आला, वाल्मीककडं नवल वाटल्यासारखं बघत राहिला, आणि कलंडला.

मग सगळं शांत झालं. म्हैस तेवढी फुरफुरत होती.

आश्रुबाचा मुलगा रविकांत मोटारसायकलवरून परतला तेव्हा वाल्मीक आपल्या बांधाच्या आत उभा होता. रविकांतनं बापाचं डोकं बघितलं, वाल्मीककडं बघितलं, आणि एवढंच म्हणाला, "आदी दवाखाना. मंग येतो." बापाला पुढ्यात बसवून, मागं सुलाबाईला घेऊन तो गेला. हे "मंग येतो" राजेश्रीनं बांधावरून ऐकलं. रविकांत कमी बोलायचा, आणि बोलला की तेवढं करायचा.

घरी आईच्या तोंडाला फडकं होतं. बाप मनगटाला हळद बांधून बाजेवर बसला होता आणि डाव्या हातानं पहार कानशीवर घासत होता. राजेश्री बांधावर गेली. कशाला गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पहिल्या खांबावर हात ठेवला आणि मोजत निघाली. शेवटच्या उभ्या खांबाला हात लावला तेव्हा तोंडातून तीस निघालं.

ती परत फिरली, उलट्या बाजूनं मोजलं. तीस.

तीस आणले होते. तीस उभे होते. मग चोरीला काय गेलं होतं?

आता माझ्याबरोबर सावकाश चाल. भागाकार राजेश्रीचा चुकला नव्हता. तीनशेत दहा तीसच वेळा जातात. पण ते तीस म्हणजे काय? ते तीस खांब नव्हेत, ती खांबांमधली तीस मोकळी अंतरं आहेत. पहिल्या दहा फुटांच्या आधीही एक खांब असतो. मग जूनमध्ये कपाशीचं उत्तर बरोबर कसं आलं? राजेश्री तिथंच बांधावर बसली आणि जून आठवू लागली. पहिलं तास बापानं बांधावर नव्हतं धरलं. बांधापासून दोन फूट आत धरलं होतं. शेवटचंही पलीकडच्या बांधापासून दोन फूट आत. सगळे शेतकरी तसंच धरतात, बांधावर कपाशी कोण लावतो? दोन्ही कडांना अर्धं अर्धं अंतर सुटलं, म्हणून तासं आणि अंतरं सारखी आली. खांब मात्र थेट टोकांवर उभे राहतात. आकडे दोन्हीकडं सारखेच वागले. चित्र वेगळं होतं. आणि चित्र बघायला तिला कुणी वेळ दिला नव्हता.

आश्रुबाकाकाचं डोकं, आईचा दात, बापाचं मनगट, हे सगळं तिच्या एका शब्दातून निघालं होतं. आणि अजून संपलं नव्हतं.

ती धावत घरी आली. "आबा, खांब कुणीच न्हेला न्हाई. म्या मोजले. तीस हाईत. एकतीस पायजे होते. माझं चुकलं."

वाल्मीकचा हात कानशीवर थांबला. तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं. हिशोब कळायला त्याला वेळ लागला नाही, कारण खड्डे त्यानंच खणून घेतले होते आणि रिकामा खड्डा त्याच्या डोळ्यांपुढं होता. मग तो उठला, वळचणीत हात घातला आणि नळी काढली.

पहिला फटका पोटरीवर बसला. दुसरा पाठीवर. तिसऱ्यानं कानाला चाटून कातडं काढलं.

"कोणाला सांगितलं?"

"कोणालाच न्हाई."

"सांगायचं बी न्हाई. त्यानं चोरला. समजलं? तीस लागत होते, एकूणतीस हाईत, एक त्यानं चोरला. गावात मला तोंड दाखवायचं हाय. तोंड उघडलंस तर जित्ती ठेवणार न्हाई."

राजेश्रीनं आईकडं बघितलं. दैवशालानं फडकं तोंडावर आणखी दाबलं आणि मान भिंतीकडं वळवली.

वाल्मीक पहार घेऊन बांधाकडं गेला. तो गाडरस्त्याच्या टोकाला, त्या मोकळ्या खड्ड्यापाशी उभा राहणार हे राजेश्रीला ठाऊक होतं. रविकांत तिथूनच येणार होता. खांब चोरला नाही हे रविकांतला कळलं तर तो काय करेल? शांत होईल, असं तिला वाटलं. चूक कळली की शाळेतलं भांडण मिटतं, तसं.

ती घरामागून, तुरीतून वाकून, आश्रुबाच्या आखाड्यावर, त्याच्या शेतातल्या घरी, गेली.

दवाखान्यातून सगळे परतले होते. आश्रुबा बाजेवर पडला होता, डोक्याला पांढरी पट्टी आणि पट्टीवर लाल गोल. सुलाबाई त्याला पाणी पाजत होती. रविकांत उंबऱ्याजवळ बसून कुऱ्हाडीत नवा दांडा ठोकत होता.

"तू?" तो उठलाच. तिचा दंड धरून त्यानं तिला जवळ ओढलं. "बापानं धाडलं का? काय बघून यायला सांगितलं?"

"न्हाई, रवीदादा. खांब कुणी चोरला न्हाई. हिशोब माझा चुकला. तीस सांगितले म्या. एकतीस लागतेत."

"मला येडं समजतीस का? बांध तीनशे फूट. दहानं भाग. तीसच की."

"तीसच येतंय. पण ते खांब न्हाईत."

"खांब न्हाईत तर काय भुतं हाईत?"

"सोड तिला," आश्रुबा बाजेवरून म्हणाला. आवाज खोल गेला होता. "बोलू दे. कान फुटलाय तिचा, दिसंना का तुला?"

रविकांतनं दंड सोडला. राजेश्रीनं इकडंतिकडं बघितलं. मोडक्या कुडाआड जनावरांचे खुंटे एका ओळीत रोवलेले होते. पाच खुंटे. पहिल्याला म्हैस होती, शेवटच्याला तो लंगडा बैल. ती त्या ओळीपाशी गेली.

"दादा, या खुंट्यापासून त्या खुंट्यापातूर, मधल्या जागा किती?"

"राजे, टाइम न्हाई मला."

"मोज की रं," आश्रुबा म्हणाला. "कुऱ्हाड कुटं पळून चाललीय?"

रविकांत कुऱ्हाड घेऊनच आला. तिच्या पात्यानं तो एकेका मोकळ्या जागेकडं रोखत गेला. बैल बिचकून मागं सरला. "चार."

"आन खुंटे?"

त्यानं खुंटे बघितले, मग पुन्हा जागा बघितल्या. नंतर बांधाकडं, खांबांच्या लांब ओळीकडं बघितलं, आणि ओठ हलवत मोजू लागला. बराच वेळ लागला त्याला. राजेश्री थांबली. समजायला लागणारा वेळ काय असतो हे त्या दिवशी तिला नीट ठाऊक झालं होतं.

"म्हंजे कुणीच न्हेला न्हाई," आश्रुबा म्हणाला.

"कुणीच न्हाई, काका."

आश्रुबा हसला, आणि टाके ओढले म्हणून कण्हला. "सुले, ऐकलं का? एका खुंट्यापायी डोस्कं फुटलं माझं."

पण रविकांत हसला नाही. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग काळा.

"तुज्या बापाला हे म्हाईत हाय का?"

राजेश्रीला खोटं बोलता आलं असतं. ती कानाला हात लावून उभी राहिली, आणि त्या हातावरूनच रविकांतला उत्तर कळलं.

"म्हंजे म्हाईत असून पहार घेऊन हुबा हाय," तो म्हणाला. "चोर समजून मारलं, तर म्या म्हणलो असतो, गैरसमज झाला. फुकट मारलं त्यानं. फुकट! आन वरून आमालाच चोर म्हणायलाय."

"रव्या, थांब," आश्रुबा उठू लागला, आणि चक्कर येऊन पुन्हा बाजेवर पडला. सुलाबाईनं मुलाच्या शर्टाला धरलं, शर्ट टर्रकन फाटला. रविकांत उघड्या खांद्यानं कुऱ्हाड घेऊन निघाला.

खरं सांगितलं की सगळं मिटतं, असं राजेश्रीला वाटलं होतं. खरं सांगितल्यानं कुऱ्हाडीला धार आली होती.

ती पळाली. रविकांत गाडरस्त्यानं चालला होता, ती तुरीतून आडवी. शेंगांचे शेंडे तोंडावर मारत होते, कान ठणकत होता. ती बांधाच्या टोकावर पोचली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. मोकळ्या खड्ड्याच्या अलीकडं बाप, दोन्ही हातांत पहार, सुजलेल्या मनगटासकट. पलीकडून रविकांत.

"आबा, चुकलो म्हणा! एकदा म्हणा!"

"घरी जा." त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही.

"रवीदादा, माझं चुकलं, मला मार!"

"बाजूला हो, राजे."

रविकांतनं पहिला वार केला तो खड्ड्यावरून. वाल्मीकनं पहार आडवी धरली, लोखंडावर लोखंड आपटलं आणि ठिणगी उडाली. पहारीचं टोक रविकांतच्या बरगडीला घासत गेलं, रक्ताची रेघ उठली. तो मागं हटला नाही, खड्डा ओलांडून त्यानं वाल्मीकला तिसाव्या खांबापर्यंत मागं रेटलं. त्यानं कुऱ्हाड पुन्हा डोक्यावर नेली. वाल्मीकचं मोडकं मनगट पहार पेलेना, ती एका बाजूला कलली, आणि त्याची मान उघडी पडली. त्याला ते कळलं. तरीही त्याच्या तोंडातून शिवी निघाली, दुसरं काही निघालं नाही.

राजेश्री ओरडायची थांबली. दोघांपैकी कुणाला शब्द ऐकू येत नव्हते. तिच्या उजव्या हाताला, दोघांच्या लगत, तिसावा खांब उभा होता, सकाळीच रोवलेला. त्याची माती अजून ओली आणि भुसभुशीत होती. तिनं खांद्यानं त्याला धक्का दिला. तो डुगडुगला. तिनं दोन्ही हात वर करून जिथवर पोचले तिथं टेकवले, पाय मागं रोवले आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. बुडातले दगड करकरले, माती उचकटली आणि खांब बापाच्या आणि रविकांतच्या मधे धाडकन आडवा पडला. दोघंही मागं उडाले. धुळीनं काही दिसेना.

"राजे!" धुळीतून बाप ओरडला. "काय करायलीस? पोरी, काय करायलीस?"

रविकांतची कुऱ्हाड अजून वर होती, पण तो तिच्याकडं बघत होता. बापही तिच्याकडं बघत होता.

राजेश्रीला आता या बांधावर एकही खांब उभा नको होता. तळहात सोलले होते, ते तिनं झग्याला पुसले, दहा फूट विहिरीकडं चालत गेली, आणि एकोणतिसाव्या खांबाला खांदा लावला.